ढगधानाची रोवणी

८ जून
सुट्टी संपायच्या आत मुलांच्या मासिकासाठी गोष्ट लिहायला घेतली. असा ग्रह, जिथे जमीनच नाही. वरपासून खालपर्यंत नुसते ढग. तिथली वनस्पती अधांतरी जगते. पोटात हलक्या वायूची पिशवी, लोंबत्या मुळ्यांनी ढगातलं पाणी पिते. नाव ठेवलं ढगधान. स्वतःवरच खूश!

१० जून
जीवनचक्र पूर्ण. खालच्या दाट ढगात बी रुजतं, पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, होतात. तिथे अंधार आणि गर्दी. म्हणून पऱ्हे उपटून वरच्या, उजेडाच्या ढगात रोवायचे. लोंबी पिकली की पिशवी फुटते, बी परत खाली. चहा घेताना बायकोला, सुनंदाला, वाचून दाखवलं.
"तेथं माणसं हायेत का?"
"नाही. निर्जन ग्रह."
"मंग रोवते कोण?"
मी वही मिटली. शाळेत जीवशास्त्र शिकवतो मी! पण दिघोरीसारख्या धानाच्या गावातल्या माणसाला रोवणीशिवाय पीक सुचतच नाही.

११ जून
वारा उपटून नेतो, असं केलं. सु. म्हणाली, "वारा उपटंल. लावंल का एकेक?" खोडलं.
मग म्हणाली, "तुमी कधी धानाच्या बांधीत चिखलात वाकले नाही. तुमाले वाटते आपोआपच होते."
गेल्या रोवणीपासून तिची कंबर धरली आहे. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलंय. यंदा कसं करायचं, हा विषयच मी काढला नव्हता. फार ओशाळल्यासारखं झालं.

१३ जून
आईला म्हटलं, यंदा आवत्या टाकू. बी सरळ बांधीत फेकायचं, रोवणीच नको. आई भडकली. "बांधीत गवत पिकवायचं हाये का? मी नाही रोवलं जनमभर?"
सु. तिथेच भाजी चिरत होती. मी कच खाल्ली. पऱ्हे टाकून रोवणीच करायचं ठरलं.
आता अडचण अशी, की बाया एकमेकींच्या बांधीत रोवून फेड करतात. सु. गेली नाही तर आमच्याकडे कोण येईल?

२ जुलै
गोष्ट सुधारली. गर्दी झाली की पिशवी फुगते, ढगधान आपणच वर सरकतं. ज्याची पिशवी फुगत नाही ते खालीच कुजतं, त्यावर पुढचं बी रुजतं.
सु. म्हणाली, "बेस झालं. तेथल्या बायाईची कंबर वाचली." आणि स्वतःच्या कंबरेसाठी तेलाची बाटली शोधायला गेली.

१४ जुलै
रजा टाकली. शेजारच्या कमलाबाईंच्या बांधीत सु.च्या बदल्यात मी उतरलो. बाया हसून हसून बेजार. "अवो मास्तर, लुगडं आणू का?" एक पट्टा कसाबसा रोवला. कमलाबाईंनी माझ्यादेखत अर्धा उपटून परत लावला. आई धुऱ्यावर, शेताच्या कडेला, उभी राहून बघत होती. मग घरी गेली.

१५ जुलै
उठता येईना. गोष्ट पोस्टात टाकायची राहिली.
संध्याकाळी कमलाबाई दारात. "मास्तरची फेड आमी धरत नाही. सुनंदाले पाठवा, मंग येतो तुमच्या बांधीत."
आई म्हणाली, "उद्या मीच जाईन." तिला बसल्यावर उठवायला माणूस लागतो. मी म्हटलं, पुन्हा मी जातो. दोघांची बाचाबाची झाली.
सु. म्हणाली, "मले कोणी इचारलं का?"
कोणीच विचारलं नव्हतं. म्हणून विचारलं, तुला काय करायचं आहे?
म्हणाली, "सकाळी सांगीन. तवर कोणी काही ठरवू नका."