दसऱ्यापासून वाजणारा यूपीएस

प्रिय आये,

मी पत्र लिहितेय बघून घाबरू नकोस, सगळं बरं आहे. नववीत शाळा सुटल्यापासून पेन धरलं नव्हतं, म्हणून अक्षर असं. रविवारी तू मला गावी न्यायला दहिसरला मावशीकडे येणार, त्याच्या आधी हे तुझ्या हातात पडायला हवं. नितेशदादा गुरुवारी गावाला निघतोय, त्याच्याकडे देतेय.

तुझं म्हणणं, पोरगी तोंड उघडत नाही, मुंबईत कोणी विकून खाल्लं तरी हूं की चूं करायची नाही. मार्तंडसरांचं पण तेच. सहा महिने त्यांच्या दुकानात मी यूपीएस खोलतेय, जोडतेय. लाईट गेली की बॅटरीवर मशीन चालू ठेवतो ना, तो डबा. पण गिऱ्हाइकाकडे कधी पाठवलं नाही. म्हणायचे, "प्रांजल, तू डब्याशी बोलशील गं, माणसाशी कोण बोलणार?"

शनिवारी दुकानात दुसरं कोणीच नव्हतं, म्हणून मला एकटीला बोरिवलीला धाडलं, शर्मिष्ठा डॉक्टरांच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये. तिथला यूपीएस सारखा पीं पीं करत होता आणि मधेच बंद पडायचा. मग तपासणीचं मशीन पण बंद, आणि लोकांचं रक्त परत काढायचं. एक आजोबा दुसऱ्यांदा बाही वर करून बसलेले. आधी कोणीतरी येऊन बॅटरी गेली म्हणाला आणि आवाजाचं बटण दाबून पळाला. थोड्या वेळाने पुन्हा पीं पीं.

मी बघितलं. लाईट नीट येत होती. बॅटऱ्या मीटरवर ठणठणीत. लोड निम्मा पण नाही. आणि डबा तव्यासारखा तापलेला. सर नेहमी सांगतात, आधी विचारायचं, मग पाना घ्यायचा. नेमकं तेच मला जमत नाही. दोनदा तोंड उघडून मिटलं. मग तिथे झाडलोट करणाऱ्या सुंदराबाईंना विचारलं, कधीपासून वाजतोय? म्हणाल्या, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून. नजर लागली गं मेल्याला, एवढी झकास पूजा केलेली."

पूजा म्हटल्यावर मी टेबलाखाली शिरले. मागे पंख्याच्या जाळीवर झेंडूचा हा एवढा हार, वरून लाल कापड खोचलेलं. पाकळ्या आत जाऊन पंखा अडकलेला. गरम हवा बाहेर पडणार कुठून?

सुंदराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "माझ्या पूजेला हात लावायचा नाय हां, सांगून ठेवते. कालची पोर तू!" तिथे सगळे डॉक्टरबाईंना घाबरतात, पण सुंदराबाईंपुढे त्या पण मागे सरकल्या. पण आये, मी बोलले. म्हटलं, मावशी, ह्याचं नाक मागे आहे, तुम्ही नाकावर हार घातलाय. पुढून घाला, मीच घालून देते. त्या खो खो हसल्या. हार स्वतःच काढला. मग मी डॉक्टरबाईंना सांगितलं, वीस मिनिटं सगळं बंद ठेवा. आणि त्यांनी ठेवलं गं! ब्रशने पंखा साफ केला, डबा जरा थंड होऊ दिला, चालू केला. आवाज नाही. आजोबा म्हणाले, "मेलं की काय?" म्हटलं, नाही, आता कुठे श्वास घेतोय.

येत्या सोमवारपासून मुलुंड आणि घाटकोपरची कामं सरांनी मला एकटीला दिलीत.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. मागच्या आठवड्यात फोनवर तू म्हणालीस, कपडे भरून ठेव, आणि मी "बरं" म्हणाले. ते मी भीतीने म्हणाले. कपडे भरलेले नाहीत. मी येणार नाही. तू मात्र नक्की ये, दोन दिवस राहा, मावशी पण वाट बघतेय. परतीचं तिकीट एकटीचंच काढ. खरं वाटत नसेल तर आल्यावर समोर बसवून विचार. तेव्हा कागद नको, तोंडाने सांगेन.

तुझीच,
प्रांजल