पंक्तीत झालेला नफा

बसवनगुडी, बंगळूर
१० जून १९९६

राजमान्य राजेश्री पुरुषोत्तम भावोजी यांस विठोजीचा वाकून नमस्कार.

हुबळीच्या हवेत तुमचा गुडघा आता दुखत नसेल अशी आशा करतो. अक्का आणि मुलं सुट्टीला इथे आल्यापासून मजेत आहेत. मी तितकासा मजेत नाही, कारण मला नफा झाला आहे.

झालं असं की, दोन वर्षांपूर्वी ऑफिसात कळू नये म्हणून तुम्ही त्या ग्रॅनाइट कंपनीचे शेअर माझ्या नावावर घेतलेत, आणि विकताना अडू नये म्हणून कोऱ्या ट्रान्स्फर फॉर्मांवर माझ्या सह्याही घेऊन ठेवल्यात. (सगळ्या सह्या सारख्या आल्या म्हणून माझी पाठ थोपटलीत. मी एस.एस.एल.सी. नापास असलो तरी अक्षर पहिल्यापासून वळणदार.) पुढे माघात आपल्या नात्यातल्या नीरजाच्या लग्नात चिरोटी वाढत असताना तुम्ही पंक्तीला सांगितलंत, की ते शेअर जानेवारीत तिप्पट भावाने विकले. पंक्तीने माना डोलावल्या. वाढप्याने तुम्हाला आणखी एक चिरोटी वाढली. दुर्दैवाने तुमच्या डाव्या हाताला प्राणेश ऑडिटर जेवत होते, आणि माझं आयकराचं विवरणपत्र तेच भरतात.

ते या महिनाअखेर द्यायचं आहे. प्राणेश म्हणतात, शेअर ज्याच्या नावावर, भांडवली नफा त्याचा आणि करही त्याचाच. म्हणजे शिवाजीनगरच्या दुकानात मोटारींचे सुटे भाग विकून मी स्कूटरसाठी जमवलेले पैसे गेले. मी म्हटलं, भावोजी सहज बोलले असतील. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अन्नावर बसून माणूस खोटं बोलेल का, विठोजी?"

मलाही ते पटलं. (तरी वाचनालयात जाऊन जानेवारीची वर्तमानपत्रं पाहिली. तुम्ही चाळीसला घेतलेला शेअर रोज चार रुपयांना छापलाय. महिनाभर एकच चूक छापणारा पेपर आपल्या घरी येत नाही, हे बरंच.) प्राणेश हळहळले, की तोटा असता तर बरं झालं असतं. वेळेत दाखवलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो आणि पुढच्या भांडवली नफ्यातून वजा होतो. सरकार तोटा इतक्या आपुलकीने सांभाळतं हे मला ठाऊक नव्हतं. आपल्यात पाहुणेसुद्धा आठ दिवसांच्या वर कोणी सांभाळत नाही.

तेव्हा दलालाचं विक्रीचं बिल तेवढं लगेच पाठवावं. तुमच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण विवरणपत्रात शब्दासाठी रकाना नाही.

आपला आज्ञाधारक,
विठोजी

ता. क. बिलात तोटा निघालाच तर अक्काला कळू देणार नाही, देवाशपथ.

आणखी ता. क. पत्र अक्काने वाचलं. (शुद्धलेखन तपासायला मीच दिलं. शपथेचं तेव्हा ध्यानात आलं नाही.) बिल तिला लग्नाच्या आदल्या आठवड्यातच तुमच्या कोटाच्या खिशात सापडलं होतं, भाव चार रुपये. ते तिने इथे बरोबर आणलंय, त्यामुळे पाठवण्याची तसदी घेऊ नये. पंक्तीत तुमचा चेहरा इतका खुलला होता, की तिला मध्ये बोलवेना. ती मुळीच रागावलेली नाही. मला एवढंच म्हणाली, "सरी, ठीक आहे, तोटा तू सरकारला दाखव. नफा मी घेते." आता ती पाटल्या बघायला नगरथपेठेत गेली आहे. सराफाचं बिल हुबळीला येईल. तिप्पट म्हणजे किती, तो गुणाकार मीच तिला करून दिला. दोनदा पडताळला आहे.