कोरे सोडलेले प्रश्न

श्रावस्ती,

उपमा कढईत आहे, गरम करून खा.

बाबा गेल्यापासूनचे तुझे नीट परीक्षेचे सराव पेपर काल मी जमिनीवर मांडून बघितले. इंग्रजी मी अडखळतच वाचते, पण चित्रं कळतात. बाकीच्या चुका घाईच्या आहेत, त्या सुधारतील. किडनीचे प्रश्न मात्र तू प्रत्येक पेपरात कोरे सोडलेस. चुकीचं उत्तरसुद्धा नाही गं! डायलिसिसच्या वॉर्डाबाहेर मला ते सगळं तूच तर समजावलं होतंस.

बाबांची उरलेली औषधं डायलिसिस सेंटरला द्यायला साकीनाक्याला जातेय. कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

संध्याकाळी मला तो धडा परत शिकव. मध्येच रडू आलं तर रडून घेऊ दोघी, त्याचे मार्क कोणी कापत नाही.

— आई