आधी कुणीतरी सैल केली असणार

बाई,

सकाळपासून तीनदा टेबलाशी बसले आणि तीनदा उठले. एकदा दूध उतू जाईल म्हणून, एकदा दाराची कडी लागली आहे का ते बघायला, आणि तिसऱ्यांदा कशासाठी ते आता आठवतही नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आधी बूड टेकव, शब्द मागून येतात." बूड टेकवलंय. शब्दांचं तेवढं बघायचंय. तुम्ही शिकवायचात की सांगायला जड जात असलं की जे आधी घडलं ते आधी सांगावं. तसंच सांगते.

मी आठवी पास झाले त्या उन्हाळ्यात तात्यांनी माझी शाळा बंद करायचं ठरवलं होतं. तेव्हा आमच्याकडे मेंढरं उरली होती जेमतेम तीस, आणि कऱ्हाटीच्या त्या मुरमाड रानात बाजरीशिवाय काही येत नव्हतं. तुम्हाला कुणी सांगितलं कोण जाणे. तुम्ही भर दुपारी बारामतीहून एसटीनं आलात, फाट्यापासून चालत आलात, डोक्यावर पदर आणि हातात ती खाकी पिशवी. ओसरीवर न थांबता सरळ चुलीपाशी गेलात. आई भाकरी थापत होती. तुम्ही पाट ओढून घेतलात आणि तिच्या पुढ्यातलं तुरीच्या डाळीचं सूप घेऊन खडे निवडायला लागलात. आई घाबरून नुसती "बाई, राहू द्या, बाई, राहू द्या" म्हणतेय. तात्या रानातनं आले, तर मास्तरीणबाई आपल्या चुलीपुढे बसलेल्या. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हिला नववीत बसवणार की नाही, ते ऐकल्याशिवाय मी उठायची नाही. शेवटची गाडी चुकली तर इथंच झोपेन. गोधडी असेल ना एखादी?" तात्या हसले. "गोधडी हाय बाई. पर पोरगी शाळंत गेल्यावर मेंढरं कुणी राखायची?" "तुम्ही राखा. तुम्हाला राखता येतात. हिला दुसरं काहीतरी येतं." डाळ निवडून झाली तरी तुम्ही हलला नाहीत. शेवटी तात्या म्हणाले, "बरं. बसवतो." तेव्हा कुठे तुम्ही आईच्या हातची भाकरी खाल्लीत.

निघताना पिशवीतून एक इंग्रजी पुस्तक काढून मला दिलंत. त्याला कव्हर नव्हतं, पहिली चार पानंही नव्हती. विलायतेतली जुनी कथा. दगडात रुतलेली तलवार, ती जो उपसेल तो राजा. मोठमोठे सरदार ओढून थकतात आणि कुणाच्या खिजगणतीत नसलेला एक पोरगा ती सहज उपसतो. मला तेव्हा इंग्रजी कुठलं येतंय? नववीचं वर्षभर शाळा सुटल्यावर तुम्ही तीच गोष्ट एकेक पान मराठीत सांगत मला वाचायला शिकवलंत.

पुढे नव्वदनंतर मी इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत नोकरीला लागले आणि दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत ती गोष्ट माझ्या पद्धतीनं लिहून काढली. त्या पोराच्या जागी मेंढरं राखणारी मुलगी. तलवार रुतलेली नदीच्या उतारातल्या काळ्या धोंड्यात. मूळ गोष्टीतल्या जादूगाराच्या जागी डोंगरावरचा एक विक्षिप्त म्हातारा, जो पाखरांशी बोलतो. सरदारांचं गोल टेबल तेवढं तसंच ठेवलं. शेवटी मुलगी म्हातारी होते आणि तलवार पुन्हा पाण्यात सोडून देते, आणि पाण्यातून एक हात वर येऊन ती झेलतो. बारामतीच्या एका छापखान्यानं पुस्तक छापलं. शेवटच्या पानावर मी माझ्या शाळेचा पत्ता दिला आणि खाली लिहिलं, 'वाचून काय वाटलं ते मोकळेपणानं कळवा.'

आणि मुलांनी कळवलं! आजूबाजूच्या शाळांच्या वाचनालयांत प्रती गेल्या होत्या. महिन्याभरात पोस्टकार्डं यायला लागली. मी ती पिशवीत भरून दर रविवारी तुमच्याकडे आणायची. तुम्ही निवृत्त झाला होतात, दोन खोल्यांत एकट्या राहत होतात, दोन पायऱ्या चढल्या तरी दम लागायचा. पण कार्डं आली की चष्मा पुसून ताठ बसायचात. एकानं लिहिलं होतं, 'सरदार लोकांना बसायला गोल टेबल कशाला लागतं? आमी शेकोटीला गोलच बसतो.' एकीला म्हाताऱ्याचा पत्ता हवा होता, कारण त्यांच्या घरचा पोपट बोलत नव्हता. एका पोरानं तर सरळ बजावलं होतं, 'पुढच्या भागात लढाई जास्त घाला आणि डोंगराचं वर्णन कमी करा.' तुम्ही हसता हसता खोकायचात, आणि खोकला थांबला की म्हणायचात, "याचं बरोबर आहे गं. डोंगर फार झालाय."

त्याच ढिगात ते पत्र होतं. कार्ड नव्हे, वहीची चार पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. डाळजच्या एका दहावीतल्या मुलीचं. 'मॅडम, तुमचं पुस्तक मी तीन वेळा वाचलं,' अशी सुरुवात होती. पुढे लिहिलं होतं, 'पण तुमच्या पुस्तकातल्या मुलीनं तलवार उपसली आणि सगळ्यांनी लगेच हात जोडले, हे खोटं आहे. आमच्याकडे असं झालं असतं तर लोक म्हणाले असते, आधी कुणीतरी सैल केली असणार. गड्यांनी ओढून ओढून सैल केली आणि हिनं आयती काढली. तुम्ही हे का लिहिलं नाही? तुम्हाला माहीत नाही असं वाटत नाही. आणि शेवटी ती तलवार पाण्यात का टाकते? मिळवली तर ठेवायची ना.' असं पुष्कळ होतं. एकेका प्रकरणावर.

मला राग आला होता, बाई. आज वाटतं, राग त्यातल्या खरेपणाचा आला. मी ते पत्र ढिगाच्या तळाशी सरकवलं आणि कौतुकाच्या कार्डांना उत्तरं लिहीत राहिले. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी तुम्हीच ते तळातून बाहेर काढलंत. सगळं वाचलंत. मग पाठीमागून पुन्हा वाचलंत. "हिला उत्तर लिहिलंस?" मी म्हटलं, "काय लिहू? दहावीतली पोर मला गोष्ट कशी लिहायची ते शिकवतेय." तुम्ही चष्मा काढलात. "गोड गोड लिहिणाऱ्या सगळ्यांना लिहिलंस. त्यांनी तुझं पुस्तक चाळलंय. वाचलंय ते हिनं एकटीनं." मग तुम्ही चौथं पान माझ्यापुढे धरलंत आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलंत. मी तिथपर्यंत पोचलेच नव्हते. 'उत्तर लवकर द्या, कारण दिवाळीनंतर माझी शाळा बंद होणार आहे. माझं लग्न ठरलं आहे.'

"उत्तर लिहू नकोस," तुम्ही म्हणालात. "जाऊन ये." एवढंच. कऱ्हाटीचं नावही काढलं नाहीत. काढायची गरजच नव्हती.

मी गेले. ऑक्टोबरातला शनिवार, सकाळची शाळा संपवून. डाळजला हमरस्त्यावर उतरले आणि विचारत विचारत वस्तीवर पोचले. उसाच्या पलीकडे धरणाचं पाणी पार क्षितिजापर्यंत पसरलेलं. त्या पाण्याखाली त्यांचं जुनं गाव होतं. घरात तिचे आईवडील, आजोबा आणि ती. "म्याडम आल्या, पुस्तकवाल्या म्याडम!" म्हणत तिनं सतरंजी टाकली. आजोबांना, तिच्या आबांना, तिनं अख्खं पुस्तक वाचून दाखवलं होतं. ते मला म्हणाले, "तुमच्या गोष्टीत पाण्यातनं हात वर येतोय, ते मला पटलं बघा. आमचं तर उन्हाळ्यात अख्खं देऊळ वर येतंय. आमी जाऊन नारळ फोडतो आन् म्हागारी येतो." आईनं चहा दिला. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी, माझ्याकडे एकटक बघत. अंगावर शाळेचाच पोशाख.

तिचे वडील साधे होते. कडक नव्हते, हेच तर सांगायचंय. त्यांनी स्वतःच विषय काढला. "पोरगी हुशार हाय म्याडम. पर स्थळ चांगलं आलंय. वडगाव निंबाळकरचं. ऊस हाय, दुधाचा धंदा हाय. ते थांबाया तयार न्हाईत." मग म्हणाले, "तुमी शिकलेल्या हाय. तुमीच सांगा, दहावीपत्तोर थांबवावं का? तुमी म्हणाला तर मी इच्चारून बघतो त्यांस्नी."

दार उघडंच होतं, बाई. मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. तुम्ही दुपारभर डाळ निवडत बसून जे मिळवलंत, ते इथे माणूस आपणहून ताटात वाढत होता. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "तुमच्या घरचा प्रश्न आहे. तुम्हीच नीट विचार करा." असं का म्हणाले, ते मी इतक्या वर्षांत नाना तऱ्हांनी स्वतःला समजावलंय. मी परकी, मी तरुण, उद्या स्थळ मोडलं तर बोल माझ्यावर. पण आत कुठेतरी त्या पत्राचा राग शिल्लक होता का? हे मी स्वतःला विचारते आणि उठून दाराची कडी बघायला जाते.

तिचे वडील "व्हय, त्ये बी खरं" म्हणाले आणि विषय संपला.

ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. गाडी लांबून दिसल्यावर म्हणाली, "म्याडम, तुमी लिवलं तवा तुमाला सोताला वाटलं व्हतं का, तलवार निघंल म्हणून?" मी म्हटलं, "अगं, गोष्ट आहे ती." ती म्हणाली, "व्हय," आणि गाडीला हात केला.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आले. तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला होतात, त्या आठवड्यात दम फारच वाढला होता. "काय झालं?" मी म्हटलं, "पुष्कळ समजावलं बाई. ऐकत नाहीत." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. "तू बोललीस ना पण?" "हो." "मग वाईट वाटून घेऊ नकोस. मीही किती घरांतून हात हलवत परत आलेय. तुझे तात्या ऐकले, म्हणून तुला वाटतं सगळेच ऐकतात." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवलात. बाई, तुम्ही मला आयुष्यात किती वेळा रागावलात, त्यातलं काहीच मला टोचत नाही. तो हात टोचतो. संक्रांतीच्या आधीच तुम्ही गेलात.

ती मला परत भेटली ती थेट गेल्या वर्षी, बारामतीत, एका शाळेच्या कार्यक्रमात. मी ओळखलं नाही, तिनंच ओळखलं. वडगावात दुधाच्या संकलन केंद्राचं सगळं काम बघते. धाकटी मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली, मग बारावीही. मी माफीसारखं काहीतरी पुटपुटले, तर म्हणाली, "न्हाय वो म्याडम. तुमी आला व्हता त्या दिवशी आबा लय खूश झालते. मरंस्तोवर सांगत व्हते, पुस्तकवाली बाई घरी येऊन च्या पिऊन गेली." तिला आठवत नव्हतं की काय? की आठवत होतं आणि तिनं मला सोडून दिलं? मला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही.

तिनं आपल्या मुलींना माझीच गोष्ट सांगितली होती, पण बदलून. मला तिथेच उभ्या उभ्या ऐकवली. "माझ्या गोष्टीतली पोरगी तलवार उपसती. लोक म्हणत्यात, आधीच सैल झालती. मग ती परत खुपसती आन् म्हणती, घ्या, काढा. धा गडी ओढत्यात. निघत न्हाय. तरीबी काय म्हणत्यात माहितीय? म्हणत्यात, आज धोंडा वला हाय." ती मोठ्यांदा हसली, मीही हसले. बाई, ती माझ्यापेक्षा चांगली लेखिका आहे. हे तुम्हाला ती चार पानं वाचतानाच कळलं होतं.

आता ते पुस्तक पुन्हा निघतंय. पुण्याच्या एका प्रकाशकानं मागितलं, म्हणाले, नव्या मुलांना आवडेल, आणि प्रस्तावनेत जुन्या वाचकांच्या पत्रांबद्दल लिहा. मी लिहिलं. पोपटाचं लिहिलं, शेकोटीचं लिहिलं, तिच्या परवानगीनं तिची गोष्टही घातली. आणि त्या ओघात एक वाक्य लिहून गेले, इतकं सहज, की हात अडखळलासुद्धा नाही: 'मी तिच्या घरी गेले आणि तिच्या वडिलांना पुष्कळ समजावलं, पण उपयोग झाला नाही.' जे तुमच्याशी खोटं बोलले होते, तेच शब्द. आता ते छापून येणार, आणि ती वाचणार. कुठलंही पुस्तक हाती आलं की ती तीन वेळा वाचते.

मुद्रितं तपासून उद्या पाठवायची आहेत. तुम्हाला हे पत्र पाठवायचा प्रश्न नाही. त्या वाक्यापुढे मी सकाळपासून लाल पेन घेऊन बसतेय आणि उठतेय. आतापर्यंत त्यातला फक्त 'पुष्कळ' हा शब्द खोडून झालाय.