पाडव्यापासून नक्की

अण्णा,

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि मी आज पत्र लिहायला बसलेय. वरातीमागून घोडं, म्हणाल तुम्ही. अमेरिकेला निघताना दर आठवड्याला पत्र पाठवीन, असं कराडच्या स्टँडवर रडत रडत तुम्हाला सांगितलं होतं मी. पहिल्या वर्षी चार पाठवली. मग फोन स्वस्त झाले, मग फोन रविवारवर गेला आणि रविवार पुढच्या रविवारवर. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, आणि ते न विचारणं मला अजून लागतं. आज शनिवार आहे, सकाळचे साडेदहा वाजलेत. इथे अमेरिकेत, ट्रॉय गावच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेय. ऑगस्ट आहे म्हणून मागचं दार उघडं ठेवलंय, शेजारचा लॉन कापतोय. समोर फॅमिली रूममध्ये तुमचे जावई बसलेत. ते बोलत नाहीत. रागावलेत असं नाही. गेल्या नोव्हेंबरात त्यांना स्ट्रोक आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली.

समजतं सगळं. हाक मारली की बघतात, विनोद केला की बरोबर जागी हसतात. पण पाण्याचा ग्लास समोर धरला तरी ‘पाणी’ हा शब्द येत नाही. ओठ हलतात, कपाळावर घाम येतो, आणि शेवटी हात झटकून टाकतात. तुम्हाला आठवतंय ना, किती बोलायचे ते? लग्नात तुम्हीच आईला म्हणाला होतात, नागपूरचा जावई केलास, आता आपल्याला बोलायचं काम उरलं नाही. तो माणूस आता माझं नावही घेऊ शकत नाही. आणि गंमत अशी की मी ‘बे एके बे’ म्हणून सुरुवात करून दिली, की पुढचं बे दाहे वीसपर्यंत घडाघडा येतं, एक अक्षर चुकत नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये जाऊन ढसाढसा रडले. मला वाटलं, आलं, सगळं परत आलं. तसं नसतं म्हणे. पाठ झालेलं वेगळ्या वाटेनं येतं, मनातलं बोलायची वाट वेगळी.

हे मला त्यांच्या स्पीच थेरपिस्टनं सांगितलं. तिशीतली गोरी मुलगी, डोक्यावर केसांचा बुचडा, हसरी. जानेवारीत ती म्हणाली, ह्यांना इंग्लिशपेक्षा घरच्या भाषेतले शब्द लवकर येताना दिसतायत, आणि ती भाषा मला येत नाही, तुम्हाला येते. तेव्हा घरचं काम तुमचं. रोज पंधरा मिनिटं, पाच चित्रं, पाच शब्द. रविवारी दोन तास बसून भरून काढू असं करू नका, त्याचा उपयोग नाही. आणि लवकर सुरू करा, हे सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे आहेत. अण्णा, मला मनातून हसूच आलं. म्हटलं, ही पोरगी हे कुणाला शिकवतेय? टायपिंग क्लासवाल्याच्या मुलीला?

आपल्या पुढच्या खोलीत अकरा मशीन होती, त्यातलं एक कायम रुसलेलं. सकाळी साडेसहाची बॅच, साडेसातची, संध्याकाळच्या तीन. प्रत्येकाला एकच तास, पण रोज. कुणी हुशार पोरगा म्हणायचा, ‘सर, उद्या गावाला जायचंय, आज दोन तास बसू का?’ तुम्ही चष्म्यावरून बघून विचारायचात, ‘उद्याचं जेवणही आजच जेवतोस का रे?’ खंडेनवमीला मशीनना हळदकुंकू लागायचं, झेंडूची फुलं लागायची, आणि त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. आईला वाटायचं, चला, आज तरी घरात शांतता. तर तुम्ही पोरांना बाकांवर बसवून नुसत्या लाकडावर बोटं चालवायला लावायचात. सुट्टी मशीनला आहे, बोटांना नाही! अकरा जण मान खाली घालून टेबलं बडवतायत आणि आई दारात कपाळाला हात लावून उभी आहे, हे मला आत्ता इथे दिसतंय.

आणि मी? बारावीच्या वर्षी एक अख्खा रविवार घालवून मी अभ्यासाचं वेळापत्रक केलं होतं. कार्डशीटवर, स्केचपेननं, फिजिक्सला निळा, केमिस्ट्रीला हिरवा, जेवणाला सुद्धा रंग. तुम्ही संध्याकाळी बॅच सोडून आत आलात, भिंतीजवळ उभे राहून सगळं वाचलंत. ‘सुंदर झालंय,’ म्हणालात. ‘आज काय वाचलंस?’ मी म्हटलं, उद्यापासून सुरू करणार आहे. आईकडून चहा घेतलात आणि पुढच्या खोलीत निघून गेलात. चिडला असतात तर मी विसरून गेले असते.

इथे मला त्याच वेळापत्रकांचा पगार मिळतो. गाड्यांच्या सीटचे भाग करणाऱ्या कंपनीत मी प्रोग्रॅम मॅनेजर आहे. कुणाचं काम कुठपर्यंत आलं, अडलं असेल तर लाल, रेंगाळलं तर पिवळं, वेळेवर असेल तर हिरवं, हे मी दिवसभर विचारत फिरते. लोका सांगे ब्रह्मज्ञान. तर मी ह्यांच्या बोलण्याचाही एक ट्रॅकर केला. रोजचा रकाना, शब्दांचे गट, आठवड्याचं टार्गेट. चित्रं नेटवरची नकोत, आपल्याच घरातली हवीत, म्हणून फोटो काढले. चमचा, कढई, चष्मा, देव्हारा, आमची लेक. लॅमिनेट करायचं मशीन मागवलं. खाली मराठी शब्द मोठ्या अक्षरात. जानेवारी त्यात गेला. मग म्हटलं, थंडीचे ते मलूल असतात. मग माझ्या डोक्यात आलं की एवढं मोठं काम सुरू करायचं तर चांगला दिवस बघावा, उगाच अमावास्येला कशाला हात घाला, आता पाडवा काय लांब आहे? साडेतीन मुहूर्तांतला एक. पाडव्यापासून नक्की! बोलता न येणारा माणूस समोर बसलाय, डॉक्टर घाई करा म्हणतायत, आणि ही बाई मुहूर्त बघतेय. इथल्या कुणाला सांगितलं तर त्यांना कळणारसुद्धा नाही मी काय म्हणतेय ते.

पाडव्याला मागच्या डेकवर गुढी उभारली, कोपऱ्यात अजून बर्फ होतं. कार्डांना हळदकुंकू वाहिलं. आणि बसलो. सहा दिवस बसलो, अण्णा, ओळीनं सहा दिवस. पाचव्या दिवशी त्यांनी चित्राकडे बघितलं, जीभ आत कुठेतरी अडखळली, आणि म्हणाले, ‘च… चमचा.’ मी किंचाळलेच! ते स्वतःही दचकले. पुन्हा म्हणाले, ‘चमचा.’ मी अॅरिझोनाला लेकीला फोन लावला, चँडलरला असते ती, तिला ऐकवलं, तीही रडली, ‘बाबा, से इट अगेन!’ त्या रात्री मी शिरा केला. सहाव्या दिवशी तेच कार्ड धरलं तर ते बघत राहिले, बघत राहिले, आणि तोंडातून आलं, ‘बे.’ आधी त्यांना हसू आलं. मग चेहरा असा झाला की मला बघवेना. कार्ड त्यांनी जमिनीवर फेकलं.

सातव्या दिवशी ऑफिसमध्ये नवीन पार्टचं लाँच होतं, असं मी सगळ्यांना सांगते. लाँच होतं, खरं आहे. पण सहाला घरी आले होते मी. गॅरेजमध्ये गाडी बंद करून सीटवरच बसून राहिले आणि पाऊण तास फोनवर कुठल्या कुठल्या लोकांच्या बाल्कनीतल्या बागा बघितल्या. पंधरा मिनिटांचं काम टाळायला पाऊण तास खर्च केला. आठव्या दिवशी वाटलं, एक दिवस चुकलाच आहे तर आता सोमवारपासून नीट करू. पुढे तुम्हाला सांगायला नको. सोमवार, मग पहिली तारीख, मग अक्षय्य तृतीया. मधे एका रविवारी ओढून ताणून दीड तास बसवलं त्यांना, सगळं भरून काढायला. ते इतके दमले की जेवता जेवता झोपले.

जूनमध्ये त्या मुलीनं पुन्हा तपासणी केली. तासभर चित्रं दाखवली, कागदावर काय काय लिहिलं. मग खुर्ची माझ्याकडे वळवून विचारलं, घरी आठवड्यातून किती दिवस करता? अण्णा, मी म्हटलं, ‘एव्हरी डे.’ तोंडातून निघूनच गेलं, ऑफिसमध्ये हिरवा रंग भरावा तसं. तिनं ह्यांच्याकडे बघितलं. ‘एव्हरी डे?’ त्यांनी माझ्याकडे बघितलं. किती वेळ, मला माहीत नाही, मी पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत होते. मग त्यांनी मान हलवली. हो म्हणून. शब्द नसलेल्या माणसाला मी माझ्या खोट्याला साक्षीदार केलं आणि त्यानं मला सांभाळून घेतलं.

ती बिचारी काय करणार? घरी रोज सराव होतोय आणि तरीही फरक नाही, म्हणजे आणखी शिकवून फारसं हाती लागणार नाही, असा तिनं सरळ अर्थ काढला. रिपोर्टातही तसंच लिहिलं. इन्शुरन्सनं पुढच्या सगळ्या भेटी बंद केल्या. जाताना तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत, स्वतःला दोष देऊ नका. मी थँक यू म्हटलं! मला माझी इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती. तिला एक फोन केला, खरं सांगितलं, तर कदाचित पुन्हा सुरू होईल. कदाचित नाही होणार. तो फोन माझ्या यादीत आहे. पिवळ्या रंगात. नऊ आठवडे झाले.

लेक परवा फोनवर म्हणाली, ‘आई, इट्स फिफ्टीन मिनिट्स. तू एवढे प्रोजेक्ट्स रन करतेस!’ तिला काय सांगू? वेळ नाही असं नाही, आळस आहे असंही नाही. मला भीती वाटते. ज्या दिवशी बसत नाही, त्या दिवशी मला म्हणता येतं की आम्ही अजून नीट सुरुवातच केली नाही, केली की येईल बोलणं. रोज बसले आणि रोज तो चेहरा बघितला, आणि वर्षभरानंतरही ‘बे’च आलं, तर मग माझ्याकडे काय उरेल? ठेवणीतली साडी नेसायची नाही, म्हणजे ती फाटत नाही, तसं मी त्यांचं बोलणं कपाटात ठेवून दिलंय. आणि तिथे त्याला कसर लागतेय, तेही कळतंय मला. तुमच्याकडे यायची ती शिपायाची बायको आठवते? नवऱ्याच्या जागी नोकरी मिळायची म्हणून टायपिंगची परीक्षा द्यायची होती तिला, आणि दोनदा नापास झाली होती. मी तुम्हाला म्हटलं होतं, कशाला तिचा वेळ घालवता, तिला नाही जमणार. तुम्ही म्हणालात, ‘नसेल जमणार. उद्या साडेसातला येईल ती.’ शेवटी ती पास झाली की नाही, मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. आता कुणाला विचारू?

साडेअकरा वाजून गेले. लिहिताना मधे एकदा मान वर केली होती. ह्यांनी डाव्या हातानं खालच्या कपाटातला कार्डांचा डबा काढला होता. एका हातानं झाकण निघत नव्हतं, गुडघ्यात धरून काढलं. पाच कार्डं टीपॉयवर ओळीत मांडली, नीट सरळ केली, आणि माझ्याकडे बघत बसले. घशातून आवाजही काढला. मी बोटानं खूण केली, एक मिनिट, आणि खाली बघून टाइप करत राहिले. खूप वेळ थांबले ते. आत्ता त्यांनी टीव्ही लावला. अण्णा, पत्र लिहीत बसले म्हणून आजचं राहिलं असं नाही. राहावं म्हणूनच मी पत्र लिहायला घेतलं.