दादाच्या नावापुढचा शब्द

४ मार्च
व्हिसाला नकार! कारण एका ओळीत — भावाविषयी खोटी माहिती.

अर्जात दादाच्या नावापुढे मी 'मयत' लिहिलं होतं. म्हणजे बाबांनी सांगितलं, मी लिहिलं. "आपल्यासाठी तो मेला. तेच लिही." बाबांपुढे कोण बोलणार! मी शिकायला जाणार त्याच देशात दादाही शिकायला गेला, वर्षभर फोन केले, मग एकदम गप्प. सहा वर्षं झाली. खरंच मयत असेल तर मृत्यूचा दाखला आणा, म्हणतायत व्हिसावाले. जिवंत माणसाचा दाखला आणू कुठून?

५ मार्च
जिवंतच असेल ना?

९ मार्च
व्हिसाची कामं करणारे काका आधी हसले, मग कपाळाला हात लावला. "अगं, सरकारी कागदावर घरातले रुसवेफुगवे लिहितात का?" पुन्हा अर्ज करता येईल. पण चूक कबूल करायची, आणि मुलगा हयात आहे असं बाबांनी सहीनिशी लिहून द्यायचं. तिकडचं कॉलेज माझी जागा महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवणार. म्हणजे सगळं बाबांच्या सहीवर अडलं.

११ मार्च
बाबांच्या शिवणकामाच्या दुकानात जाऊन विचारलं. "नाही." कापड कापता कापताच म्हणाले. वर मान केली नाही.

१४ मार्च
तो शब्द लिहिल्यापासून घरात भीती वाटते. भरदुपारी केस विंचरताना मागे कुणीतरी उभं असतं. जिन्यावर पावलं वाजतात — दादाचीच, धाडधाड. दार उघडावं तर कुणी नाही. मीच मारलं का त्याला?

शेवटी आईला सांगितलं. वाटलं, वेड्यात काढेल. ती म्हणाली, "तुलाही ऐकू येतात?"

मी जिन्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं गं माणसाचं." आणि भाजी चिरत बसली.

१७ मार्च
बाबा जेवले नाहीत.

१९ मार्च
डबा द्यायला दुकानात गेले होते. एक उंच मुलगा शर्टाचं माप द्यायला आलेला. बाबांनी त्याच्या खांद्यावर टेप धरली आणि हलेचनात. "एवढाच झाला असेल आता," म्हणाले. मुलगा गोंधळला. "कोण?" बाबांनी टेप गुंडाळली. माप तसंच राहिलं.

घरी आल्यावर बाबांनी स्वतःच कागद मागितला. 'मला दोन मुलं आहेत. दोघंही हयात.' पेन कागदातून आरपार जाईल इतकं दाबून लिहिलं. मी रडले. आई तर कधीचीच रडत होती.

मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "गेलीस की शोध त्याला. मी सांगितलंय म्हणू नकोस."

२० मार्च
अर्ज गेला. आई विचारते, "तिकडे थंडी फार का गं? त्याच्याकडे धड कपडे असतील ना?" आजपासून घरात त्याचं नाव घेतलं जातंय.

२८ मार्च
मुलाखत झाली. व्हिसा मिळाला! खिडकीपलीकडची बाई पडद्यावर वाचत हसून म्हणाली, "तुमचा भाऊ शिक्षण संपवून वेळेत मायदेशी परतलाय, चार वर्षांपूर्वीच. तुम्हीही परताल, अशी आशा आहे."

बाहेर आई-बाबा थांबले होते. बाबांनीच विचारलं, "त्याचं काही कळलं?"

मी नाही म्हणाले.