सोमवारची कबर

कॅरोबेग, रॉसकॉमन
बुधवार, २४ नोव्हेंबर २०१०

प्रिय फर्गल,

शनिवारी सकाळी मी चुलीतली राख परसात टाकली, कोंबड्यांना दाणे घातले, पाव भाजायला ठेवला आणि हात पुसत दारात आले, तर फाटकाशी समोरच्या मालाकीचा कुत्रा बसलेला. मालाकी बरोबर नसला की तो रस्ता ओलांडत नाही, तुला माहीत आहे. हाक मारली तरी आत येईना. तेव्हाच मला कळलं. तरी पाव होईपर्यंत मी थांबले आणि मग गेले. मालाकी खुर्चीत बसूनच गेला होता. एका पायात बूट होता, दुसरा हातात.

तू कसा आहेस हे विचारायचं राहिलंच. तिकडे उन्हाळा लागला असेल. खाणीवर टोपी घालत जा. माझं बरं आहे.

फोनवर तुला एवढंच सांगितलं की मालाकी गेला आणि सगळं नीट होईल. बाकीचं कागदावर लिहिते. फोनवर माझ्या आवाजावरून तू ओळखलं असतंस.

शवपेट्यांचा दुकानदार गावातून आला. म्हणाला, "नोराबाई, मंगळवारी पुरायचं. खड्ड्यासाठी मशीन पाठवू का? हल्ली सगळे तेच करतात."

"आमच्याकडे शेजारी खणतात," मी म्हटलं.

"कोणते शेजारी?"

टोमणा नव्हता तो. माणूस खरंच विचारत होता.

तुझ्या बाबांच्या वेळी इतके जण आले होते की फावडी कमी पडली. घरच्यांनी खणायचं नसतं, म्हणून तुला कुणी फावड्याला हात लावू दिला नाही. मालाकीच पुढे होता. खणून झाल्यावर तो स्वतः आत आडवा झाला आणि खालून ओरडला, "पाय पसरायला जागा आहे, पण शेजारचा मेला दुसऱ्या पक्षाचा आहे." मी कुंपणापलीकडे उभी होते आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले. त्यांच्यापैकी कुणी एक पैसा घेतला नाही. घ्यायचा नसतोच.

शनिवारी रात्री मी आपल्या रस्त्यावरचं एकेक घर मनात फिरून आले. कुणी टोरांटोला, कुणी लंडनला. ज्याच्या हातात आता फावडं असायला हवं होतं, तो पर्थला.

उरला एकटा म्हातारा जोजो. रविवारी दुपारी तो फावडं काठीसारखं टेकत आला.

"जोजो, डॉक्टरांनी तुला बादलीसुद्धा उचलू नको म्हटलंय ना?"

"बादली म्हटलंय. फावड्याचं नाव काढलं नाही त्यांनी."

सोमवारी कबर उघडायची नाही, म्हणून रविवारीच माती फोडून ठेवायला हवी होती. मी टेकडीवरच्या त्या अर्धवट घरांकडे गेले. तिथे वितेक राहतो, पोलंडचा. बांधकामाला आला होता, काम थांबलं तसा अडकला. चार वर्षं मी त्याला रस्त्यात नुसती मान हलवत आले. दार उघडलं तर आत बॅगा भरलेल्या.

"उद्या सकाळी माझं विमान आहे," तो म्हणाला. मग टोपी घेतली. "मालाकी मला बटाटे द्यायचा. चला."

दफनभूमीत त्याने विचारलं, "सोमवारी का चालत नाही?"

"सोमवारी उघडली तर वर्षाच्या आत घरातलं आणखी कुणी जातं," जोजो म्हणाला. "आज एक फावडं मारून ठेवलं की झालं."

"म्हणजे देवाला फसवायचं?"

"देवाला नाही रे. सोमवारला."

वितेकने सगळं गवत कापून बाजूला रचलं आणि अंधार पडेपर्यंत गुडघाभर खणलं. जाताना माझ्याशी हात मिळवला. त्याच्या हाताची माती माझ्या हाताला लागली. माझं सांत्वन करत होता, की निरोप घेत होता, कळलं नाही.

घरी रेडिओ लावला. आठवडाभर नाही नाही म्हणणाऱ्या सरकारने परदेशांपुढे हात पसरल्याचं कबूल केलं होतं. लोक चिडून बोलत होते, आपण स्वातंत्र्य घालवलं म्हणत होते. वाचनालयाच्या गाडीतून आणून मी दुष्काळावरची, बंडावरची पुस्तकं वाचलीत. शाळा माझी बाराव्या वर्षी सुटली, पण हे मी धरून वाचलं. आयरिश म्हणजे कोण, यावर त्यांत पानंच्या पानं आहेत. मला त्या रात्री एवढंच वाटत होतं की आपण एकमेकांना आपल्या हातांनी पुरणारी माणसं होतो, आणि आता हातच उरले नाहीत. चांगले दिवस होते तेव्हा आपण कुणी वापरणार नाही अशी घरं बांधली. तूही बांधलीस. तुला दोष देत नाही. मीही ती पाहून खूश झाले होते.

मग तुझा फोन आला. तू विचारलंस, "खणायला कोण कोण आहे?" मी म्हटलं, "भरपूर आहेत." तू म्हणालास, "आई, मी तिथे असायला हवं होतं." मी म्हटलं, "वेडा का तू? काम सोडू नकोस." फोन ठेवला आणि मी जिन्यावर बसून राहिले.

फर्गल, विमानतळावर मीच तुला 'जा' म्हटलं. तेव्हा त्यात शहाणपण होतं. आज 'ये' म्हणायला माझ्याजवळ तुला द्यायला काही नाही. काम नाही, पगार नाही, बरोबरीची माणसं नाहीत. तरी लिहिते. ये. मला मशीनने पुरू नका. शेवटचं वाक्य दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

जोजोला खड्ड्यात उतरू दिलं असतं तर मंगळवारी दोन पेट्या लागल्या असत्या. आपल्याकडे बाईने कबर खणल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. सोमवारी उजाडल्यावर मी तुझ्या बाबांचे बूट घातले, जोजोला दफनभूमीच्या भिंतीवर बसवलं आणि मालाकीची कबर खणून पूर्ण केली.

अजून इथेच असलेली,
तुझी आई